सातवा रकाना

व्हर्नेच्या कचेरीत मी दुभाषी होतो, सन वीस.
अर्जदारांची बोली फ्लेमिश, कागदांची फ्रेंच,
मधल्या फटीत माझं स्टूल.

त्या दिवशी चौथा पुकारा: झुल्मा देवुल्फ.
राहणार पेर्व्हायझे, रेल्वेच्या भरावापलीकडे.
जमीन अकरा हेक्टर,
पैकी अकराही चार वर्षं समुद्राखाली.
ती बसली नाही. खुर्चीवर टोपली ठेवली,
तोंडाला फडकं बांधलेली.

गाई?
'पाच.'
यादीत सहा आहेत.
'सहावी आम्हीच खाल्ली, पळताना, वाटेत.
लिहिणाऱ्यानं नीट ऐकलं नाही.'
साहेबांनी खोडलं.

(तिच्या आधीच्यानं चौदा घोडे सांगितले होते.
त्याचा तबेला मी पाहिलाय;
एकमेकांच्या पाठीवर उभे केले
तरच मावतील चौदा.
मी मुकाट चौदाच म्हटलं.
दुभाष्याची जीभ भाड्याची.)

नांगर एक. दंताळी दोन. लोण्याची रवी.
कोंबड्या कधी मोजल्या नव्हत्या, म्हणून नाहीत.
सफरचंदं एकोणतीस झाडं.
'उभी आहेत अजून. हाडासारखी पांढरी.'
उभी आहेत, तर नुकसान कसलं?
हे सांगताना माझा आवाज आपोआप खाली आला.

मग सातवा रकाना: नुकसान कोणी केलं.
इथे सगळे शत्रूचं नाव सांगतात,
लेखनिक तर ते आधीच लिहून ठेवतो.
ती म्हणाली, 'पाण्यानं.'
पाणी कोणी सोडलं?
'आपल्यांनी.'
लेखनिकानं टाक दौतीत बुडवला
आणि तिथेच ठेवला.

चौदा सालचा ऑक्टोबर.
जर्मन पलटणी भरावाला भिडलेल्या.
आपले इंजिनिअर रात्री भरतीला उघाड्या उघडत,
ओहोटीला लावून घेत.
सात पिढ्यांनी फावड्यानं बाहेर लोटलेला समुद्र
जुन्या वाटा आठवत, चर चर हुडकत,
बोटभर, वीतभर आत येत राहिला.

'आमच्या ओढ्यावरची उघाडी गंजलेली.
तिचा दांडा कसा फिरवायचा
हे एकट्या नवऱ्याला माहीत.
दोन शिपाई आले, दाराबाहेरून हाक मारली.
तो जोडे घालून गेला.
उजाडता परतला, मांडीपर्यंत ओला.
म्हणाला, गाई सोड.'

साहेब वाईट नव्हते. हळूच विचारलं:
म्हणजे, मालकाच्या संमतीनं?

या शब्दाला आमच्यात दोन शब्द आहेत.
एक करारावरचा,
एक लग्नात पाद्रीसमोर म्हणायचा.
मी दुसरा वापरला.
का, ते अजून कळलेलं नाही मला.

ती माझ्याकडे बघत राहिली, साहेबांकडे नाही.
मग म्हणाली,
'तो सोळा साली गेला, कॅलेच्या छावणीत, खोकल्यानं.
त्यालाच विचारा.'

आणि फडकं सोडलं.
ढेकूळ निघालं, वर पांढरी साय धरलेली.
मेजावर ठेवलं, अर्जाच्या बरोबर मध्ये.
'चाखा.'
लेखनिक फिसकन हसला.
साहेबांनी चष्मा काढला, बोट टेकवलं,
जिभेला लावलं.
एक शब्द बोलले.
त्याचं भाषांतर करायची गरज पडली नाही.

तरी रकाना रिकामाच राहिला.
त्या दोन शिपायांची नावं आणा, पलटण आणा,
हाक मारल्याचा साक्षीदार आणा. तारीख सप्टेंबर.
तिनं ढेकूळ उचललं,
सांडलेला चुरा तळहाताच्या कडेनं गोळा केला,
तोही बांधला.
'माझी आहे,' म्हणाली. कोणी विचारलं नव्हतं.

थोडी माती तरी राहिलीच मेजावर.
पुढच्या माणसानं कोपरानं ती पुसली,
घसा खाकरला
आणि सांगू लागला:
डुकरं, चाळीस.